बापू, मी आणि सातव्या मजल्यावरचा कोरियन

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बापू कुवेतला आले. तीन महिन्यांचा व्हिजिट व्हिसा. एअरपोर्टवर पाया पडलो. पाठीवर हात ठेवून म्हणाले की पोट सुटलंय. स्वतः चौऱ्याहत्तर वर्षांचे, पण बॅग मला ओढू दिली नाही.

माझे वडील तासगावच्या शाळेत खेळाचे मास्तर होते. बास्केटबॉलची टीम चार वेळा स्टेटला नेली. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं पोलिसात आहेत, रेल्वेत आहेत, आणि अजून रस्त्यात दिसली की वाकतात. त्या सगळ्यांना बापूंची शाब्बासकी मिळालेली आहे. मला नाही. मला नववीत टीममधून काढून स्कोअररच्या टेबलावर बसवलं. कारण काय, तर अक्षर चांगलं आहे.

संकल्प: या तीन महिन्यांत बापूंच्या तोंडून एकदा 'शाब्बास' काढायचं. सेहेचाळीस वर्षं नुसती वाट बघितली, ती चूक झाली. आता प्लॅनिंग.

२३ नोव्हेंबर, रविवार

इथे रविवारी ऑफिस असतं. हाफ डे टाकला. बापूंना मीना अल-अहमदीला नेलं. रिफायनरीच्या आत पाहुण्यांना सोडत नाहीत, म्हणून रस्त्यावरूनच दाखवली. मी इथे डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. कुठलंही ड्रॉइंग माझ्या हातून गेल्याशिवाय पुढे जात नाही. परत येतं तेव्हा त्यावर शिक्का असतो. कोड एक, मंजूर. कोड दोन, शेऱ्यांसह मंजूर. कोड तीन, दुरुस्त करून पुन्हा पाठवा.

बापूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग यात तू काय करतोस.

जन्मभर मला कोड तीन.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बापू सकाळी गल्फ रोडला फिरायला जातात. आज दोन तास उशिरा आले. घामाघूम आणि खूश. समुद्राकाठच्या कोर्टवर एक उंच कोरियन एकटाच फ्री थ्रो मारत होता. बापूंनी अर्धा तास बाहेरून बघितलं, मग राहवलं नाही म्हणून आत जाऊन त्याचं कोपर धरून सरळ केलं. तो कमरेत वाकला म्हणे.

चौकशी केली. तो आमच्याच बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहतो. नाव चोई मिनसोक, वय पस्तीस. प्रोफेशनल बास्केटबॉल प्लेअर. या सीझनला इथल्या एका क्लबने आणलाय. गेले तीन महिने लिफ्टमध्ये भेटतोय, मी त्याला वेल्डिंग इन्स्पेक्टर समजत होतो.

चांगलं झालं. बापूंचा वेळ जाईल.

५ डिसेंबर, शुक्रवार

बापू आता रोज कोर्टवर. इंग्रजीचे त्यांना चार शब्द येतात: यस, नो, एल्बो, अगेन. पुरतं म्हणतात.

आज त्याला नाश्त्याला घरी घेऊन आले. बायको, अस्मिता, बँकेत आठवडाभर दमते, म्हणून शुक्रवारी मला कॉर्नफ्लेक्स मिळतात. आज थालीपीठं लागली. त्याने पाच खाल्ली. सोबत लोणी. चारुता तेरा वर्षांची, एरवी जेवताना मोबाइलमधून मान वर काढत नाही. ती त्याला काय काय विचारत होती.

बापू त्याला मिन्या म्हणतात. दहा दिवसांची ओळख. मला धैर्यशील म्हणतात, पूर्ण, शाळेच्या हजेरीत म्हणायचे तसं. धैऱ्या म्हणायला हरकत नव्हती. मी काही मनाला लावून घेत नाही. फक्त नोंद.

१० डिसेंबर, बुधवार

चारुता म्हणाली, बाबा, यू आर सो जेलस. मी तिला शांतपणे समजावलं की जेलसी व्हायला समोरच्याकडे काहीतरी असावं लागतं. याच्याकडे काय आहे? उंची. लिफ्टच्या दारात डोकं आपटतं त्याचं.

तरी माहिती असावी म्हणून ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत नेटवर त्याचं करिअर काढलं. जेवणाची सुट्टी जरा लांबली. पण हाती लागलं ते जबरदस्त. ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, दुसऱ्या फेरीत शेवटून तिसरा. पहिली पाच वर्षं जवळजवळ बाकावरच. मध्ये दीड वर्ष लष्करात, तिथे ते सक्तीचंच आहे. गुडघ्याचं ऑपरेशन. बारा वर्षांत चार टीम. सरासरी गुण मॅचला ३.८. मग कोरियात कोणी घेईना म्हणून एक सीझन मंगोलियात. मग कुवेत.

म्हणजे बापू ज्याला डोक्यावर घेऊन नाचतायत तो राखीव गडी आहे! एक मुलगा म्हणून वडिलांची फसवणूक होऊ न देणं माझं कर्तव्य आहे.

११ डिसेंबर, गुरुवार

एक्सेल केलं. 'चोई मिनसोक, करिअर समरी, रिव्हिजन झिरो.' वर्ष, टीम, मॅचेस, किती मिनिटं खेळला, किती मिनिटं बसला. बसलेली मिनिटं लाल रंगात. कलर प्रिंट, स्पायरल बाइंडिंग. दिवसभर दुसरं काम झालं नाही, पण काही कामं ऑफिसपेक्षा मोठी असतात.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बापूंना दिलं. चष्मा लावून, एकेका ओळीवर बोट ठेवून, माझ्याकडून सगळं मराठीत वाचून घेतलं. लाल रंग म्हणजे काय ते दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं. मग चष्मा काढला. मला वाटलं, उतरला मनातून.

"बारा वर्सं बाकावर बसला," बापू म्हणाले, "पण सोडलं न्हाई."

डोळे भरून आले होते त्यांचे.

टेबल नीट आखलंयस, असंही म्हणाले. हे शाब्बास धरायचं का यावर विचार केला. धरता येत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

मिनसोक लिफ्टमध्ये भेटला. वाकला. बापूंनी त्याला समरी दाखवली होती म्हणे. त्याच्या आयुष्यात त्याच्या करिअरचा असा कागद कोणी केला नव्हता, आईला पाठवायचा आहे, एक कॉपी मिळेल का, असं त्याने विचारलं. आणि गुडघ्याच्या ऑपरेशनचं वर्ष एकाने चुकलंय.

रिव्हिजन वन काढून दिली. चूक तर चूक, आपलं डॉक्युमेंट आहे.

२० डिसेंबर, शनिवार

नवा संकल्प. कागदाने नाही, कोर्टवर.

सहा फेब्रुवारीला इथल्या आमच्या मराठी मंडळाचा क्रीडादिन आहे. मी कमिटीवर आहे. फ्री थ्रो स्पर्धा सुचवली. दहा-दहा बॉल, सभासदांमधला विजेता विरुद्ध प्रमुख पाहुणे. प्रमुख पाहुणे कोण, हेही मीच सुचवलं. सभासदांमधून माझं एकट्याचंच नाव आलं, त्यामुळे मी आत्ताच फायनलला पोचलो आहे.

फ्री थ्रोला उंची लागत नाही, पळावं लागत नाही, अंगावर कोणी येत नाही. तो डोक्याचा खेळ आहे. कॉलेजच्या टीममध्ये मी होतो (बारावा). वीस वर्षं एका खुर्चीवर बसून मी जी एकाग्रता कमावली ती काय वाया जाणार?

२२ डिसेंबर, सोमवार

साबीरभाईंचं शुवैखमध्ये टायरचं गोदाम आहे. रत्नागिरीचे, पंधरा वर्षांची दोस्ती. त्यांनी मागच्या भिंतीवर रिंग लावून दिली. ऑफिस सुटल्यावर रोज चार ते पाच. घरी सांगितलंय ऑडिट आहे.

आज पन्नास बॉल. दोन आत. रिंग तिरकी आहे.

२३ डिसेंबर, मंगळवार

साबीरभाईंनी पाणसळ लावून दाखवली. रिंग सरळ आहे. मनुष्य भला, पण नाही तिथे नाक खुपसतो.

पन्नासात तीन. गोदामात वारा फार येतो.

३ जानेवारी, शनिवार

बापू आम्हा सगळ्यांना मिनसोकच्या मॅचला घेऊन गेले. तो बाकावरच होता. मी मोबाइलवर मिनिटं मोजत होतो, समरी अपडेट करायला. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा आत घेतलं. गुडघ्याला काळी पट्टी. पळताना एक पाय जरा मागे राहतो. त्याला फाउल झाला, दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही आत, रिंगला स्पर्शसुद्धा नाही.

बापू उभे राहिले आणि ओरडले, शाब्बास रे मिन्या. पुढच्या रांगेतले दोन कुवेती आजोबा मागे वळून हसले.

मी बापूंच्या शेजारी होतो. अगदी कानाशी झालं ते.  चारुताने काही विचारलं तर तिच्यावर खेकसलो. तिने काहीच केलं नव्हतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. बापूंनी तासगावहून तिळगूळ आणलेला. पहिल्यांदा सातव्या मजल्यावर गेला. मला नंतर मिळाला, त्यातला अर्धा चुरा. गोड बोला म्हणाले. हो म्हटलं.

२२ जानेवारी, गुरुवार

पन्नासात सहा! एका महिन्यात तिप्पट. आलेख काढला. हाच वेग राहिला तर क्रीडादिनाला दहापैकी नऊ पडायला हरकत नाही. साबीरभाई म्हणाले की सहातले दोन त्यांनी टाकले होते. ते मी ट्रायल म्हणून धरले होते.

कोपर सुजलंय. अस्मिताने बाम लावला. माउसमुळे होतं असं सांगितलं.

२९ जानेवारी, गुरुवार

पन्नासात चार. खांद्यातून कळ येते. साबीरभाई म्हणाले, धैर्यशील, तू स्पर्धेत कॉमेंट्री कर, आवाज चांगला आहे तुझा. लोकांना माझ्यातलं काहीतरी नेहमी चांगलं दिसतं. अक्षर काय, आवाज काय.

आता प्लॅन बी.

३० जानेवारी, शुक्रवार

मिनसोकला लिफ्टमध्ये गाठलं. याला फिक्सिंग म्हणत नाहीत. ही दोन समजूतदार माणसांमधली अंडरस्टँडिंग आहे. सांगितलं, की माझे वडील म्हातारे आहेत, स्पर्धा घरगुती आहे, तू दहात दोन-तीन टाकलेस तरी तुझं काही जात नाही, पण माझं एक काम होतं.

त्याने माझं वय विचारलं. सेहेचाळीस. म्हणजे तुम्ही ह्युंग, म्हणाला. ह्युंग म्हणजे थोरला भाऊ. थोरल्या भावाने सांगितलं की त्यांच्यात नाही म्हणत नाहीत. सातवा मजला आला. वाकून गेला. कोरियन संस्कारांबद्दल माझा आदर फार वाढला आहे.

बापू आम्हाला शाळेत सांगायचे की हरा, पण मुद्दाम हरू नका. हा नियम हरणाऱ्याला आहे. मी जिंकणार आहे, मला लागू होत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

जे घडलं ते क्रमाने लिहितो.

सकाळी दहा. मंडळाची दीडशे माणसं. बापूंना रेषेच्या मागे खुर्ची. पहिला बॉल पाहुण्यांचा. मिनसोकने रिंगच्या डावीकडून वीतभर बाहेर टाकला. लोक हसले, त्यांना वाटलं गंमत करतोय. माझा पहिला बॉल रिंगच्या खालून गेला.

त्याचा दुसरा बाहेर. माझा दुसरा बाहेर. तो फारच सभ्यपणे चुकवत होता, दर वेळी थोडा जास्त, म्हणजे मला ताण नको. दहा झाले. त्याचे शून्य. माझेही शून्य.

दोन-तीन टाक असं मी त्याला सांगितलं होतं. त्याने थोरल्या भावाला जरा मोकळी जागा ठेवली होती. मला एक टाकायचा होता. एक.

टाय. मग एकेक बॉल. त्याचा बाहेर, माझा बाहेर. असं चार वेळा. लोक मिसळ घ्यायला उठले. अस्मिता चपलेकडे बघत होती. पाचव्या वेळी मिनसोकने कुठेच लागू नये म्हणून इतका जोरात मारला की बॉल बोर्डावर आपटला, वर उडाला, रिंगवर टप्पा घेतला, आणि आत पडला.

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सॉरी ह्युंग म्हणाला. सगळ्यांसमोर वाकला.

माझा पंधरावा बॉल बाहेर. हरायचा कसून प्रयत्न करणाऱ्या माणसाकडून मी हरलो.

बापू उठले. खुर्ची स्वतः उचलून ठेवली आणि मिसळीच्या रांगेत उभे राहिले.

८ फेब्रुवारी, रविवार

व्हिडिओ फिरतोय. आधी मंडळाच्या ग्रुपवर, मग कुठल्या कुठे. मी त्यात कोपऱ्यात आहे, माझं कोणाला काही पडलेलं नाही. 'प्रोफेशनल प्लेअर, ओळीने चौदा फ्री थ्रो चुकला.' खाली हसणारे चेहरे.

चारुता म्हणाली की त्याच्या क्लबच्या माणसांनीही बघितलाय, आज त्याला ऑफिसात बोलावलंय. सीझन संपत आलाय. अशा वेळी कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही ते ठरतं, एवढं मला समरी करताना कळलं होतं.

दुपारी जेवण गेलं नाही. ऑफिसात पित्ताची गोळी घेतली. पित्तच असावं.

९ फेब्रुवारी, सोमवार

क्लबला इंग्रजीत पत्र लिहायला घेतलं. 'सदर खेळाडूने माझ्या विनंतीवरून...' रिव्हिजन झिरो. विनंती शब्द खटकला. 'परस्पर संमतीने.' रिव्हिजन वन. उद्या पाठवतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

रिव्हिजन फोर. व्याकरण तपासायचं राहिलंय. शिवाय क्लबचा ईमेल अधिकृत आहे की नाही याची खात्री झाल्याशिवाय पाठवणं बरोबर नाही. अस्मिताने विचारलं, काय टाइप करतोस सारखं. ऑडिट म्हटलं. म्हणाली, तुझं ऑडिट झालं सहा तारखेला, मला साबीरभाईंच्या बायकोने सगळं सांगितलंय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

रिव्हिजन फाइव्ह प्रिंट काढून सातव्या मजल्यावर गेलो. आधी त्याला दाखवायचं, मग क्लबला. दार उघडंच होतं. खोके भरत होता.  पत्र पुढे केलं.

त्याने सगळं वाचलं, सावकाश. मग हसून परत दिलं. क्लबने त्याला डिसेंबरच्या सुरुवातीलाच कळवलं होतं की पुढच्या वर्षी नको, गुडघा साथ देत नाही. रविवारी त्याला बोलावलं ते तिकिटाच्या कागदांवर सही करायला. व्हिडिओ बघून तिथले लोकही हसले, बस. त्यामुळेच लिफ्टमध्ये हो म्हणणं सोपं गेलं, म्हणाला. घालवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वीस तारखेला तो कायमचा परत चाललाय. तिथे कोणी खेळायला घेणार नाही, मामाच्या दुकानात बसेल.

बापूंना हे डिसेंबरपासून माहीत होतं. सगळ्यात आधी त्याने त्यांनाच सांगितलं होतं, मोबाइलवर भाषांतर करून. मग रोज सकाळी सराव कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, कोच (म्हणजे बापू) म्हणाले, शेवटचा बॉल तरी चांगला जाऊ दे.

खाली आलो. जिन्यानेच आलो.

तीन महिने मी नोकरी गेलेल्या माणसावर जळत होतो. जळत होतो. लिहून टाकलं एकदाचं. त्याची बसलेली मिनिटं लाल रंगात रंगवली. आणि ते त्याने आईला पाठवलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बापू गेले.

निरोप माझ्या गाडीतून द्यायचा हे मी महिनाभर आधी ठरवलं होतं. गाडी खास सर्व्हिसिंगला टाकली, ती गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उघडून ठेवलीय. मिनसोकने त्याची काढली. बापू पुढे, त्याच्या शेजारी. मी मागे, बॅग मांडीवर घेऊन, कारण डिकीत त्याचे खोके. अस्मिता आणि चारुता घरूनच पाया पडल्या.

रस्ताभर ते दोघं बोलत होते, त्या चार शब्दांत. मधेच हसत होते. मला काहीही कळलं नाही.

डिपार्चरला मिनसोक ट्रॉली आणायला गेला. आम्ही दोघंच उरलो. मी ठरवून आलो होतो की सांगायचंच. सांगितलं. लिफ्ट, अंडरस्टँडिंग, गोदाम, पत्र, सगळं. सहा तारखेला तो मुद्दाम चुकवत होता, मी सांगितलं होतं म्हणून. मला तुमच्याकडून एकदा शाब्बास ऐकायचं होतं.

बापू पासपोर्टच्या कव्हरची चेन उघडत होते, ती अडकली होती. पन्नास वर्षं खेळ बघतोय, पहिल्या बॉललाच कळलं होतं, म्हणाले.

"त्यो मुद्दाम चुकवत हुता," म्हणाले. "तू मनापासून चुकवत हुतास. मी तुझंच बघत हुतो."

चेन उघडली. पासपोर्ट हातात घेतला. ट्रॉली आली. मिनसोक वाकला, बापूंनी त्याच्या गुडघ्याला हात लावून बघितला आणि काहीतरी बजावलं. मी पाया पडलो. मग आत गेले. काचेतून दिसत होते तोवर बघितलं. रांगेत पुढच्या बाईची बॅग काट्यावर चढवून देत होते.

परत येताना सवयीने मागेच बसलो. मिनसोक म्हणाला, ह्युंग, पुढे या. गेलो. पुढची सीट बापूंनी इतकी पुढे ओढून ठेवली होती की माझे गुडघे डॅशबोर्डला लागत होते. मागे सारली नाही. पहिल्या सिग्नलला रडू फुटलं, आवरेना. त्याने टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला आणि सिग्नलकडे बघत राहिला. मी त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा आहे.